भंगारवाल्याला शेवटी बोलवा: जुन्या सामानाच्या खरेदी-विक्रीचा क्रम

आमच्या गल्लीत दर दिवाळीच्या आधी एकच प्रकार घडतो. माळा रिकामा होतो, सामान अंगणात येतं आणि नेमका तेव्हाच भंगारवाल्याच्या हातगाडीचा आवाज येतो. घरातलं कुणीतरी हात करतं. अर्ध्या तासात पितळी डबे, बिडाचा तवा, आजोबांचा कंदील आणि गंजलेला पत्रा एकाच काट्यावर चढतात. संध्याकाळी मोठी बहीण माहेरी येते आणि विचारते, "आईचं घंगाळ कुठंय?"

मी रविवारी जुनं सामान घेतो आणि विकतो. धंदा म्हणावा एवढं मोठं काम नाही, पण घरात पाय ठेवायला जागा उरली नाही एवढं आहे. लोक मला सारखे भाव विचारतात. खरं सांगायचं तर बहुतेकांचं नुकसान क्रम चुकल्यामुळे होतं. विकणारे भंगारवाल्याला आधी बोलावतात, जे घासू नये ते घासून ठेवतात आणि वजन कधीच करत नाहीत. घेणारे आधी भाव विचारतात, मग वस्तू उचलतात, आणि नीट बघतात ती घरी गेल्यावर.

दारात सामान मांडून विकायची चाल आपल्याकडे नवी असली तरी प्रसंग जुनेच आहेत. बदली झालेलं कुटुंब, वाळूजची नोकरी सोडून गावी निघालेला कामगार, मे महिन्यात नीटची परीक्षा झाल्यावर लातुरात खोल्या सोडणारी पोरं, आणि माळवदाचं, म्हणजे मातीच्या धाब्याचं, घर पाडून स्लॅब टाकायला निघालेले भाऊ. पुढचा क्रम या सगळ्यांना लागू पडतो.

## विकणाऱ्यांसाठी

### १. आधी घरातल्यांना विचारा

वाटणी झालेली असो वा नसो, भावा-बहिणींना फोन करा. यादी वाचून दाखवा, फोटो पाठवा आणि दोन दिवसांची मुदत द्या. "तुला नको होतं ना?" हे विक्रीनंतर विचारून काही उपयोग नसतो. पाचशे रुपयांच्या हंड्यावरून पाच वर्षं अबोला धरलेली घरं मी पाहिली आहेत.

### २. प्रत्येक वस्तू रिकामी करा, कागद वेगळे काढा

ट्रंक, डबे, उशा, गाद्या, कपाटाचे चोरकप्पे, देव्हाऱ्याचा खण, शिलाई मशीनचं ड्रॉवर. सगळं उलटं करून झटका. आपल्या आज्या बँकेपेक्षा डाळीच्या डब्यावर जास्त विश्वास ठेवायच्या. गादीची शिवण हाताने चाचपडून बघा. कोट आणि सदऱ्यांच्या आतल्या खिशात हात घाला.

मराठवाड्यात सगळ्यात महाग चूक होते ती कागदांची. ट्रंकेच्या तळाशी उर्दूत किंवा मोडी लिपीत लिहिलेले पिवळे कागद निघतात. ते कुणालाच वाचता येत नाहीत, म्हणून रद्दीच्या गठ्ठ्यात जातात. त्यात काय असू शकतं बघा: १९५४-५५ च्या खासरा पाहणीची (जमिनीच्या सरकारी नोंदीची) नक्कल, इनाम जमिनीचा मुंतखब (हक्काचा सरकारी कागद), निजामाच्या काळातला शाळेचा दाखला, सावकाराची फेड झाल्याची पावती. निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा असे कागद शोधत लोक तहसिलात रांगा लावत होते. काही जणांच्या घरचे कागद तोवर वाण्याच्या पुड्यांना गेले होते.

कागदावरचं साल वाचताना घाई करू नका. १३५० असं दिसलं तर कागद सातशे वर्षांचा नसतो. ते फसली साल, म्हणजे निजामाच्या काळातलं महसुली साल असतं, त्यात ५९० मिळवा, म्हणजे १९४०-४१. जुन्या नाण्यांचं गणित निराळं. चारमिनारचं चित्र असलेल्या निजामी रुपयावर हिजरी साल असतं. हिजरी १३६१ म्हणजे १९४२. ही बेरीज माहीत नसल्यामुळे "सहाशे वर्षांपूर्वीचं नाणं" म्हणून छाती फुगवणारे दर महिन्याला भेटतात.

तपासणी: वाचता न येणारा एकही कागद रद्दीत गेलेला नाही ना? उर्दू वाचणारे गावोगाव आहेत, मोडी वाचणारेही मिळतात. तोवर कागद प्लास्टिकच्या पिशवीत नको, सुती कापडात बांधून ठेवा.

### ३. चार ढीग

ठेवायचं, विकायचं, द्यायचं, मोडीचं (भंगारात घालायचं). पाचवा ढीग करू नका. "नंतर बघू" नावाचा ढीग पुन्हा माळ्यावरच जातो.

विकायच्या ढिगात फक्त तेच घाला जे आहे त्या अवस्थेत कुणाच्या तरी कामाला येईल. झाकण हरवलेला डबा चालतो, तळ गेलेला चालत नाही. जुने कपडे मांडू नका, ते बोहारणीकडे चांगले निघतात. पातेल्याच्या बदल्यात साड्या द्यायच्या असतील तर आधी पातेलं वाजवून घ्या, पत्रा हल्ली फार पातळ येतो.

हे ढिगात येताच कामा नये:

गॅसची टाकी. ती कंपनीची मालमत्ता असते, तुम्ही फक्त अनामत भरलेली असते. ती एजन्सीकडे परत करा.

हरणाची किंवा काळविटाची शिंगं, कातडं, हस्तिदंत. जुन्या वाड्यांच्या भिंतींवर शिंगं हमखास असतात आणि लोक ती शोभेची वस्तू समजून मांडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. वन विभागाला कळवा.

शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्ती, नाणी, कोरीव काम. हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षं. १९७२ चाच पुरावस्तूंचा कायदा इथे लागू होतो. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. पाया खणताना काही सापडलं तर ते निराळंच प्रकरण. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हा कायदा १८७८ चा आहे आणि अजून लागू आहे.

### ४. काय घासायचं, काय नाही

इथे लोक जीव तोडून मेहनत करतात आणि पैसे घालवतात.

रोजच्या वापराची पितळी-तांब्याची भांडी घासा. हंडा, कळशी, परात, घंगाळ, तांब्या. चिंच-मीठ लावून पाच मिनिटं ठेवा, धुवा, लगेच कोरड्या फडक्याने पुसा. पाण्याचे डाग राहिले तर दुसऱ्या दिवशी काळे ठिपके पडतात. घेणारी बाई स्वयंपाकघर डोळ्यासमोर ठेवून बघते, तिला चकाकी हवी असते.

नाण्यांना मात्र हात लावू नका. चिंच नको, लिंबू नको, टूथपेस्ट तर नकोच. नाणी जमवणारा माणूस घासलेलं नाणं बाजूला सारतो किंवा नुसत्या चांदीच्या वजनावर मागतो.

बिदरीची वस्तू असेल, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी असलेलं पानदान, सुरई, अत्तरदाणी, तर तिचा काळा रंग म्हणजेच तिचं मोल. हा धातू मुख्यतः जस्ताचा असतो आणि काळेपणा बीदरच्या किल्ल्यातल्या मातीने आणलेला असतो. माझ्या ओळखीच्या एका सूनबाईंनी सासूचं पानदान पावडर लावून तारेच्या चोथ्याने घासलं आणि मोठ्या अभिमानाने दाखवलं. राखाडी डबा झाला होता. मऊ फडकं आणि खोबरेल तेलाचे दोन थेंब, याच्या पुढे जाऊ नका.

लाकडाला ऑइलपेंट मारू नका. सागवानी पाट, चौरंग, जुन्या दाराची चौकट घेणारा माणूस लाकडाच्या रेषा बघायला येतो. ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, जवसाच्या तेलाचा हलका हात फिरवा. शिलाई मशीनवरची सोनेरी नक्षी रॉकेलने पुसली तर निघून येते. रॉकेल फक्त आतल्या लोखंडाला.

### ५. वजन करा, मोडीचा हिशोब मांडा

भाव ठरवायच्या आधी तळ ठरवा. धातूच्या वस्तूचा तळ म्हणजे मोडीचा भाव. भांड्याच्या दोन दुकानांत जाऊन विचारा, "पितळेची मोड काय भावाने घेता? तांब्याची? काशाची?" दोन दुकानं अशासाठी की एकाच दुकानात विचारलं तर तोच भाव खरा वाटायला लागतो.

आता घरी वजन करा. सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा स्वस्तात मिळतो. हंडा त्याला दोरीने टांगा.

समजा हंडा भरला ३ किलो २०० ग्रॅम. कडी लोखंडाची आहे आणि तळाला डाख (झाळलेला जोड) लावलेला आहे, म्हणून २०० ग्रॅम घट धरा. राहिले ३ किलो. मोडीचा भाव उदाहरणापुरता किलोला ४५० धरला तर १,३५० रुपये. हा तुमचा तळ. याच्या खाली कोणी मागितला तर हंडा घरातच राहू द्या, तो काही शिळा होत नाही. सांगायचा भाव २,२००, सोडायचा भाव १,७००. तिन्ही आकडे वहीत लिहा. वस्तूवर चिठ्ठी फक्त सांगायच्या भावाची.

धातू ओळखण्यात चूक झाली तर सगळा हिशोब वाया जातो. चुंबक लावा. पितळ, तांबं, कासं यांना चिकटत नाही. चिकटलं तर वरून पितळेचा मुलामा आहे, आत लोखंड. वाटी बोटाच्या टोकावर तोलून चमच्याने वाजवा: काशाचा नाद लांबतो, पितळेचा लवकर विरतो. काशाची वाटी ठण्ण न करता ठप्प वाजली तर चीर आहे. जर्मलची (अॅल्युमिनियमची) भांडी हलकी असतात, ती ओळखायला काही लागत नाही.

लाकूड, मशीन, फर्निचर यांना असा तळ नसतो. तिथे साधा नियम मी पाळतो: आज नव्याची किंमत काय, तिच्या तिसऱ्या हिश्शापासून बोलणं सुरू. वाड्याची सागवानी दारं, खांब, तुळया मात्र या नियमात बसत नाहीत. तिथे लांबी-रुंदी-जाडी मोजा आणि वखारीत सागाचा घनफुटाचा भाव विचारून या. घर पाडायचं कंत्राट घेणारा "लाकूड आम्ही नेतो, पाडायचे पैसे घेत नाही" म्हणतो, तेव्हा तो फुकट काम करत नसतो.

तपासणी: वहीत प्रत्येक मोठ्या वस्तूपुढे तीन आकडे आहेत का? नसतील तर विक्रीचा दिवस पुढे ढकला.

### ६. दिवस आणि मांडणी

पगारानंतरचा पहिला किंवा दुसरा रविवार. शनिवारी लोखंड घ्यायला अजून पुष्कळ लोक कचरतात, त्यामुळे बिडाचे तवे आणि मशीन शनिवारी पडून राहतात. पितृपंधरवडा टाळा. कूलर मार्चमध्ये विका, जुलैत त्याला कुणी विचारत नाही. पाण्याच्या टाक्या आणि ड्रम एप्रिलमध्ये, टँकर सुरू झाल्यावर.

उन्हाळ्यात सकाळी सातला मांडणी पूर्ण हवी. अकरानंतर अंगणात चिटपाखरूही येत नाही. चवाळ्यावर भांडी, टेबलावर नाजूक सामान, भिंतीला टेकून मोठं. महागडी वस्तू दारापासून लांब, म्हणजे ती बघायला आलेला माणूस बाकीचं सामान ओलांडून जातो. विजेच्या वस्तूंसाठी एक बोर्ड बाहेर ओढून ठेवा, "चालू आहे" म्हटलेलं कुणी ऐकत नाही, दाखवावं लागतं.

दहा-वीसच्या नोटा आदल्या दिवशी आणा. पैसे डब्यात नको, कमरेच्या पिशवीत. दोन माणसं हवीत: एक बोलायला, एक नजर ठेवायला.

### ७. बोलणं

भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, लवकर होऊ द्या. पहिलं गिऱ्हाईक थोडं कमी देत असेल तरी एखादी छोटी वस्तू सोडा, अंगणातून कुणीतरी पिशवी घेऊन जाताना दिसलं की रस्त्यावरचे थांबतात.

मोठ्या वस्तूला मात्र घाई नको. माझ्या मावशीचं बोलणं मला पाठ आहे:

"मावशी, घंगाळ कितीला?"

"बावीसशे."

"तेराशे घ्या की."

"बावीसशे म्हटलं म्हणून बावीसशेच घेईन आसं न्हाई बाबा. पण तेराशेला तर मोडीवाला बी उचलून नेईल. तू त्यात नातवाला आंघोळ घालणार हायस का इतळवणार हायस, ते सांग."

अठराशेला गेलं. मावशीने तळ सांगितला, पण आकडा सांगितला नाही. हे जमलं की बाकी काही शिकावं लागत नाही.

इशारा: मोबाईलवरून फोटो पाहून "आत्ता लगेच घेतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" म्हणणारा चोर असतो. पैसे यायला पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. फसलात तर लगेच १९३० ला फोन लावा, जितका उशीर तितके पैसे लांब.

आणखी एक: "तुमच्या जुन्या नोटेला लाख रुपये देतो, आधी नोंदणीचे दोन हजार भरा." रिझर्व्ह बँकेचं नावही यात वापरलं जातं, आणि बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये या प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता. तांब्याचा गडू तांदूळ ओढतो, त्याला कोटी रुपये मिळतात, हा "राइस पुलर"चा प्रकारही त्याच जातीचा. तपासणीची फी मागितली की माणूस दारातून बाहेर.

### ८. आता भंगारवाला

दुपारनंतर जे उरलं त्यातलं मोडीचं फक्त त्याला दाखवा. तांबं, पितळ, जर्मल, बीड आणि पत्रा वेगवेगळ्या पोत्यांत भरलेलं असू द्या, नाहीतर सगळं पत्र्याच्या भावात जाईल. तुमचं वजन वहीत आहेच. त्याचा काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का ते बघा. हातात धरायचा ताणकाटा असेल तर दोन किलोचं आट्याचं पाकीट आधी त्याला लावून बघा. माणसं वाईट नसतात, काटे वाईट असतात असं म्हणतात. मी दोन्हींवर लक्ष ठेवतो.

## घेणाऱ्यांसाठी

### १. पिशवीत काय हवं

चुंबक, टॉर्च, मोजपट्टी, विजेचा टेस्टर, दोन सेल, जुनी चादर, सुतळी, आणि पाण्याची भरलेली बाटली. बाटली पिण्यासाठी नाही. कशासाठी ते पुढे येतंच.

घरातल्या रिकाम्या जागेचं माप लिहून घ्या, दाराची रुंदीसुद्धा. जिन्यात अडकलेलं कपाट ही आमच्या भागातली कायमची करमणूक आहे.

### २. आधी एक फेरी, हात न लावता

छत्रपती संभाजीनगरात जाफरगेटचा रविवारचा बाजार असो की कुणाचं अंगण, पहिली फेरी हात मागे बांधून मारा. एखाद्या वस्तूपाशी तुम्ही थबकलात की विकणाऱ्याच्या मनातला भाव शंभरने वर जातो. एकदा मी आल्या आल्या एका चाचांना विचारलं, "चाचा, ये कितने का?" ते म्हणाले, "पहले देख तो लो, मियाँ." त्यांनी फुकट दिलेला तो धडा मी अजून वापरतो.

### ३. तपासणी

भाव विचारण्याआधी हे सगळं व्हायला हवं.

भांडी. टॉर्च आत धरा आणि बाहेरून बघा. अंधुक जागा असेल तर आणखी बरं, भोकातून उजेड दिसतो. तळ आणि कानाचे जोड बघा, डाख लावलेला असेल तर रंग वेगळा दिसतो. पोचे चालतात, ठोकून निघतात. चीर चालत नाही.

बंबाची, म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायच्या भांड्याची, गोष्ट वेगळी, आणि ती मी स्वतःच्या पैशाने शिकलो. सुंदर तांब्याचा बंब, तोटी पितळेची, भाव वाजवी. घरी आणून पाणी भरलं, खाली जाळ घातला आणि जाळ विझला. आतल्या, जाळाच्या नळीला बारीक भोक होतं, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. विकणाऱ्याला मी पाणी मागितलं होतं, तर तो "इथं पाणी कुठून आणू भाऊ?" म्हणाला आणि मी मान्य केलं. तेव्हापासून बाटली बरोबर असते. आधी वरून नळीत टॉर्च मारा. मग बंब कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवून पाणी ओता, दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोला, मग कागद बघा. बाटलीभर पाणी तळाचंच भोक दाखवतं. त्याच्या वरचं बघायचं तर बंब काठोकाठ भरावा लागतो. तशी सोय नसेल तर भाव करताना दुरुस्तीचे पैसे वजा धरा.

लाकूड. उलटं करा. भोकांखाली ताजा पिवळसर भुसा पडत असेल तर किडा जिवंत आहे. जुनी भोकं काळवंडलेली आणि कोरडी असतील तर हरकत नाही. पायाच्या तळाला किल्ली टोचून बघा, आत शिरली तर वाळवीने पोखरलंय. खाटेच्या सांध्यांत टॉर्च मारा, ढेकणांचे काळे ठिपके तिथेच असतात.

शिलाई मशीन. चाक हाताने, सावकाश, आपल्या दिशेने फिरवा. पूर्ण फेऱ्यात कुठेही अडकता कामा नये. सुई वर-खाली होताना डावी-उजवीकडे हलते का बघा. बॉबिन आणि तिची केस आहे का विचारू नका, उघडून बघा. मग चादरीच्या टोकावर दोन फूट टाके घाला. टाके घालून न देणारा विकणारा काहीतरी लपवतोय.

कूलर. मराठवाड्यात दरवर्षी कूलरचा शॉक लागून माणसं जातात, म्हणून इथे सैल सोडू नका. चालू करून पत्र्याला टेस्टर लावा, दिवा लागला तर फुकट दिला तरी घेऊ नका. तीन पिनांचा प्लग हवा, दोन पिनांचा असेल तर तो तुम्ही बदलणार हे धरून भाव करा. पाण्याच्या टाकीचा तळ आतून चाचपा, गंज पापडीसारखा हातात येतो का. लातुरात पोरं मे महिन्यात खोली सोडताना घाईत असतात, त्यांच्याकडे कूलर, खाट, टेबल आणि पुस्तकं एकदम मिळतात. पोरांना फार दाबू नका, त्यांना गावी जायच्या एसटीचे पैसे हवे असतात.

मोबाईल. त्यावर *#०६# लावा, पंधरा अंकी आयएमईआय दिसेल. तो बिलाशी किंवा खोक्याशी जुळवा. मग आपल्या फोनवरून इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो आकडा, असा मेसेज १४४२२ ला पाठवा. नंबर बंद केलेला किंवा दुसऱ्याच फोनचा निघाला तर फोन परत द्या.

निळे ड्रम. औद्योगिक वसाहतीतून येणारे मोठे प्लास्टिकचे ड्रम बाजारात स्वस्त मिळतात. त्यात आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. धान्य आणि पिण्याचं पाणी यासाठी ते घेऊ नका, कितीही धुतले तरी. झाडांना पाणी, बांधकामाला पाणी, इतकंच.

### ४. आता भाव

तळ तुम्हालाही काढता येतो: वजन उचलून अंदाज घ्या, मोडीच्या भावाने गुणा. तिथून थोडं वर बोलायला सुरुवात करा. दोष मोठ्याने मोजून दाखवू नका. "डाख हाय, पोचा हाय" असं ओरडणाऱ्याला समोरचा म्हणतो, "मग कशाला घेता?" एकच दोष निवडा, बोट ठेवा आणि गप्प राहा.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक असाल तर भवानीचा भाव मिळतो. संध्याकाळी सामान बांधताना गेलात तरी मिळतो, पण चांगलं तोवर गेलेलं असतं.

इशारा: जाळून काढलेली तांब्याची तार, देवळातल्यासारखी घंटा, पंपाचं केबल, खोका-बिल नसलेला नवा मोबाईल. भाव कितीही खाली असो, नको. विहिरींवरच्या मोटारींची तार रात्रीत कापून नेतात आणि सकाळी ती जाळून बाजारात येते. चोरीचा माल माहीत असून, किंवा माहीत असायला कारण असून, घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. हजारावरच्या प्रत्येक वस्तूला साध्या कागदावर वस्तू, रक्कम, तारीख, नाव, गाव आणि सही घ्या. खरा विकणारा खळखळ करत नाही.

### ५. घरात घेण्याआधी

लाकूड, गादी, खाट थेट आत नेऊ नका. मे महिन्याचं ऊन असेल तर दोन दिवस गच्चीवर, गादी दुपारी उलटी करून. इतर दिवसांत सांधे उकळत्या पाण्याने धुवा.

पितळेची आणि तांब्याची स्वयंपाकाची भांडी कल्हई, म्हणजे आतून कथलाचा लेप, केल्याशिवाय चुलीवर चढवू नका. ताक, आमटी, चिंच लागली की कळंक उतरतो. कल्हईवाल्याकडून काम करून घेताना समोर बसा. त्याच्या हातातली कांडी कथलाची आहे की शिसं मिसळलेली, ते विचारायची सोय आहे: कांडी कानाजवळ धरून वाकवा. कथील वाकताना चरचर असा बारीक आवाज करतं, शिसं मुकाट वाकतं. आमचा कल्हईवाला आता मला बघितलं की न विचारता कांडी पुढे करतो.